करवंदीच्या जाळ्या उपटू नका

टेकडीच्या पायथ्याशी नवी सोसायटी उभी राहिली की पहिल्या काही वर्षांत एक ठराव हमखास मंजूर होतो: मागच्या उतारावरचं रान साफ करून तिथे बाग करायची. रान म्हणजे बहुतेक ठिकाणी करवंदी, हेंकळ, तोरण, मधूनमधून घाणेरी आणि गवत. जेसीबी येतो, उतार उघडा पडतो, त्यावर लाल मातीचे डंपर रिकामे होतात आणि मग लॉनच्या गुंडाळ्या नाहीतर वेडेलियाची रोपं येतात. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, लोणावळ्यात, पाचगणीच्या बंगल्यांमागे, कोकणातल्या प्लॉटांवर हेच चाललं आहे. करवंदी का काढल्या, असं विचारलं की उत्तरं तयार असतात. त्या काटेरी आहेत. त्या वाढून अंगावर येतात; जमीन झाकायला काहीतरी बुटकं हवं. त्यांत साप राहतात. त्या वाढायला फार वेळ लावतात. आणि शेवटचं उत्तर म्हणजे, उतारावर झुडपं कशाला, तिथे झाडं लावू! हे उत्तर पर्यावरणप्रेमाच्या भाषेत येतं, म्हणून त्याला कुणी विरोधही करत नाही.

मी करते. हे मुद्दे मांडणाऱ्यांत अभ्यासू, तळमळीची माणसंही आहेत. त्यामुळेच त्यांना खांदे उडवून नव्हे, मुद्द्यांनी उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं: सह्याद्रीच्या आणि त्याच्या पूर्वेकडच्या टेकड्यांच्या उतारांवर जमीन झाकण्यासाठी करवंदीच्या तोडीचं सदाहरित झुडूप आपल्याकडे दुसरं नाही. ती जिथे आहे तिथे राहू द्यावी आणि जिथून काढली तिथे पुन्हा लावावी.

आधी उंचीचं बघू. जमीन झाकणारी वनस्पती घोट्याएवढीच असली पाहिजे, ही कल्पना लॉनवरून आलेली आहे. लॉन असतं चालायला, बसायला. चढावर, जिथे माणूस धड उभाही राहू शकत नाही, तिथे लॉनची मापं कशाला लावायची? तिथल्या मातीला सावली हवी, पाचोळा हवा, मुळांची पकड हवी. हे सगळं घोट्याएवढ्या पानांनी दिलं काय आणि कमरेएवढ्या पानांनी दिलं काय. शिवाय करवंदी किती वाढेल हे ती कुठे उभी आहे त्यावर ठरतं. वाऱ्याच्या धारेवर, कातळाच्या सांदीत ती गुडघ्याच्या वर फारशी जात नाही, आडवी पसरते. दाट रानात तीच उजेडासाठी शेजारच्या झाडावर रेलत वर चढते. मोकळ्या उतारावर ती गोल, दाट जाळी धरते. फळं संपल्यावर, जूनच्या सुरुवातीला वर्षातून एकदा कात्री फिरवली तर कमरेच्या खाली ठेवता येते. वर्षातून एकदा! लॉनला पावसाळ्यात दर आठवड्याला मशीन लागतं.

याच संदर्भात एक गोष्ट मला फार खटकते. शहरांतल्या नर्सऱ्यांमध्ये ‘कॅरिसा’ नावाचं एक बुटकं, चकचकीत पानांचं झुडूप मिळतं. कंपन्यांच्या आवारात, वाहनतळाच्या कडेला ते शिस्तीत लावलेलं दिसतं. ते कॅरिसा मॅक्रोकार्पा, आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचं. तिकडे त्याला नाताळ प्लम म्हणतात. जमीन झाकण्यासाठीच निवडलेले त्याचे बुटके वाण, ‘ग्रीन कार्पेट’ आणि तत्सम, जगभर विकले जातात. आपली करवंदी याच कॅरिसा प्रजातीतली. त्या झुडपालाही काटे असतात, त्याच्याही फांदीतून पांढरा चीक येतो, त्यालाही पांढरी सुवासिक फुलं आणि खाण्याजोगी फळं येतात. एकाच प्रजातीतलं परदेशी झुडूप विकत आणून लावलं तर ती बाग, आणि आपलं झुडूप आपणहून उगवलेलं असेल तर ते रान! हा भेद वनस्पतीच्या गुणांवरून पडलेला नाही. तो कुंडीवरच्या किमतीच्या चिठ्ठीवरून पडला आहे.

आता करवंदीचा खरा गुण, ज्याची चर्चा सोसायट्यांच्या बैठकांत कधी होत नाही. ती बाराही महिने हिरवी असते. हे ऐकायला साधं वाटतं. पण दख्खनच्या टेकडीवर एप्रिलमध्ये काय असतं ते आठवा. गवत वाळून गेलेलं, पुष्कळदा वणव्यात जळलेलं. सालई, मोई, पांगारा, गणेर यांच्या अंगावर पान नसतं. गुरांनी उरलंसुरलं चरून माती मोकळी केलेली असते. अशात वळीव येतो. मे महिन्यातला हा पाऊस थोडा वेळ पडतो, पण मोठ्या थेंबांनी, जोरात पडतो. उघड्या, भाजलेल्या मातीवर थेंब आदळतो तेव्हा मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर पापडी धरते आणि पाणी जिरण्याऐवजी माती घेऊन खाली पळतं. जूनचे पहिले मोठे पाऊसही असेच. गवत उगवून जमीन धरेपर्यंत काही आठवडे जातात आणि टेकडीचं सर्वांत मोठं नुकसान त्याच आठवड्यांत होतं. त्या वेळी ज्याची छत्री आधीपासून उघडलेली आहे आणि ज्याच्याखाली वर्षभराचा पाचोळा साठलेला आहे, असं तिथे कोण असतं? करवंदी. हेंकळही असते काही प्रमाणात. करवंदीची पानं जाड, चामट. ती पावसाचा मार घेतात, आणि गळल्यावर सावकाश कुजतात. कुठल्याही जुन्या जाळीखाली हात घालून बघा, काटे सांभाळून. बाहेरची माती मुरमाड आणि आतली काळसर, भुसभुशीत असते.

एक स्पष्ट करते. करवंदी लावली की दरडी कोसळणार नाहीत, असं मी म्हणत नाही. उताराचा पायाच कापला, पाण्याच्या वाटा बुजवल्या, तर अख्खा डोंगर सरकतो. तिथे कुठलंही झुडूप पुरं पडणार नाही. मी बोलते आहे ती वरच्या वीतभर मातीविषयी, जी दरवर्षी निमूटपणे वाहून जाते आणि जी तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

पाण्याचा हिशेबही बघा, तो अवघड नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात पुण्यासारख्या ठिकाणी हिरव्यागार लॉनमधून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, आणि हा अंदाज मे महिन्यासाठी कमीच आहे, तरी हजार चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटरच्या लॉनला रोज साडेचारशे लिटरच्या वर पाणी लागतं. ज्या सोसायट्या एप्रिलपासून टँकर मागवतात त्याच हे पाणी उतारावर ओततात. करवंदी एकदा रुजली, दोन उन्हाळे काढले, की तिला वरचं पाणी लागत नाही. पुण्यातल्या सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसात ती जगते आणि महाबळेश्वरच्या पाच हजार मिलिमीटरच्या पुढच्या पावसातही जगते. कातळ, मुरूम, जांभा, तिला चालतं. एवढा पट्टा पेलणारी दुसरी वनस्पती बागवाल्यांनी मला दाखवावी.

काट्यांवर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यांचा राग काट्यांवर आहे आणि करवंदीचं निम्मं काम काट्यांमुळेच होतं.

करवंदीच्या फांदीवर पेरापेराशी काट्यांची जोडी असते. काही काटे टोकाशी दुभंगलेले. शेळी बाहेरचा कोवळा शेंडा ओरबाडेल, पण आत शिरणार नाही. गाय-म्हैस तर लांबूनच जाते. आता टेकडीवर पक्ष्यांनी जांभळाचं, अंजनीचं, आंब्याच्या आकाराहून लहान अशा कुठल्याही रानफळाचं बी टाकलं तर त्यातलं कुठलं जगेल? उघड्यावर उगवलेलं रोप पहिल्याच उन्हाळ्यात करपतं नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गुरांच्या तोंडी जातं. जाळीत पडलेल्या बियाला मात्र सावली मिळते, ओल मिळते, पाचोळा मिळतो आणि चारही बाजूंनी काट्यांचं कुंपण मिळतं. रोप त्या काट्यांतून वर डोकं काढेपर्यंत गुरांच्या उंचीच्या पलीकडे गेलेलं असतं. करवंदी ही रानाची दाई आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांच्या कडांना, मुळशी-मावळच्या सड्यांखालच्या उतारांवर फिरा आणि नवी झाडं कुठून वर येतात ते बघा. पुष्कळशी करवंदीच्या मधोमध उभी दिसतील. ती तिथे कुणी लावलेली नाहीत. त्यांना ट्री गार्ड नाही, ठिबक नाही, फलकही नाही.

बुलबुल, साळुंकी, कोकीळ करवंदीची फळं खातात. उदमांजर खातं, कोल्हा खातो. पिकलेली करवंदं खाऊन आलेला बुलबुल दुसऱ्या जाळीत विसाव्याला बसतो आणि तिथे आधी खाल्लेल्या फळांच्या बिया टाकतो. म्हणजे आधीच्या जाळ्या पुढच्या झाडांना बोलावून आणतात. काटे काढून टाकलेत तर हा सगळा व्यवहार थांबतो. ससा, तित्तिर, मुंगूस यांना भरदिवसा दडायला जागा लागते. लॉनवर ती नाही.

मुलांना काटे लागतील, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. खेळाच्या मैदानाच्या कडेला, पायवाटेला चिकटून, पार्किंगच्या तोंडाशी करवंदी लावू नये. वाटेपासून हात-दोन हात मोकळे सोडावेत, तिथे गवत किंवा बिनकाट्याची झुडपं लावावीत. पण म्हणून अख्ख्या उतारावरून ती काढावी, हे त्यातून निघत नाही. गुलाबालाही काटे असतात, बोगनवेलीचे तर चांगले बोटभर असतात, आणि या दोन्ही वनस्पती याच सोसायट्यांच्या फाटकांवर चढवलेल्या असतात. मग काटे हा आक्षेप फक्त करवंदीच्याच वाट्याला का? या महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत करवंदं तोडायला गेली, हात ओरखडून घेतले, ओठ चिकाने चिकट झाले, फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरं निघालं तर कोंबडी, असा खेळ खेळली. काटा कसा टाळायचा हे ती तिथेच शिकली. ज्या मुलाला टेकडीच्या पायथ्याशी राहूनही हे मिळत नाही, त्याच्यापासून आपण काहीतरी काढून घेतो आहोत.

सापांबद्दल थोडक्यात. दाट झुडपात साप आसरा घेतो हे खरं. पण तो सोसायटीत येतो उंदरांमागे, आणि उंदीर येतात कचऱ्यामागे. उतार कापून रचलेल्या दगडी भिंतीच्या फटी, बांधकामाचा पडून राहिलेला राडारोडा, उघडी कचराकुंडी, हे त्याचं खरं आमंत्रण आहे. दारा-खिडक्यांपासून जाळ्या लांब ठेवा, राडारोडा उचला, कचरा झाका. उतार भादरून साप जात नाहीत. त्यांची दडायची जागा गेली की ते तुमच्या भिंतीच्या फटी शोधतात.

आणि आता झाडं. ‘झुडपं कशाला, झाडं लावू’ या वाक्याने महाराष्ट्राच्या टेकड्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं वणव्यांनीही केलं नसेल, असं मला वाटतं. २०१६ च्या १ जुलैला राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावायची मोहीम झाली. पुढच्या तीन वर्षांसाठी लक्ष्य होतं ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी, मिळून ५० कोटी. या मोहिमांमागच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण मोजमाप एकदा रोपांच्या संख्येचं ठरलं की खड्डे महत्त्वाचे होतात, आणि खड्डे खणायला जागा मोकळी लागते. टेकडीवर जागा मोकळी करायची म्हणजे काय करायचं? जी झुडपं आहेत ती छाटायची. म्हणजे ज्या करवंदीच्या पोटात उद्याचं झाड उगवणार होतं ती तोडून, तिच्या जागी खड्डा करून, नर्सरीतून आणलेलं रोप उन्हात उभं करायचं. रोप जगलं तर फोटो, मेलं तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं.

आणि जगतं ते काय? पुण्याच्या टेकड्यांवर बघा: गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. मध्य अमेरिकेतलं झाड. झपाट्याने वाढतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगतं, म्हणून वर्षानुवर्षं लावलं गेलं. फेब्रुवारीत त्याला गुलाबी फुलं येतात, टेकडी लांबून सुंदर दिसते. पण त्याच्या फळात पक्ष्यांसाठी काही नाही. शेंग तडकून बी उडतं, एवढंच. त्याच्या दाट पट्ट्याखाली इथलं गवत आणि झुडपं विरळ होत जातात. आणि जेव्हा सावली सर्वांत जास्त हवी, त्या कोरड्या महिन्यांत ते स्वतःच निष्पर्ण असतं. हिरवाई मोजायची असेल तर टेकडी हिरवी झाली. जीव मोजायचे असतील तर तिथे उभं राहून पक्षी ऐका.

झुडूप म्हणजे हलकं, अपुरं, अजून झाड न झालेलं काहीतरी, ही समजूत आपल्या कारभारातही मुरलेली आहे. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हजारो हेक्टर जमिनीची नोंदच ‘झुडपी जंगल’ अशी आहे. दशकानुदशकं तिच्याकडे कामासाठी वापरून टाकण्याची पडीक जमीन म्हणून बघितलं गेलं. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की काही अपवाद सोडता ही वनजमीनच आहे. विदर्भाचं झुडपी जंगल आणि सह्याद्रीची करवंदीची जाळी यांची वनस्पती-रचना वेगळी आहे, हे मला माहीत आहे. दोन्हींकडे बघण्याची नजर मात्र एकच आहे, आणि ती चुकीची आहे.

घाणेरीचं समर्थन करणारे भेटतात तेव्हा मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांचा युक्तिवाद वरवर माझ्यासारखाच असतो. घाणेरीही झुडूप, तिलाही छोटी काळी फळं, तीही जमीन झाकते, बुलबुल तिचीही फळं खातो, फुलपाखरं तिच्यावर येतात. मग करवंदीचंच कौतुक का? उत्तर असं की घाणेरी कुणालाही वर येऊ देत नाही. अमेरिका खंडातून आलेली ही वनस्पती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेची आणि कुंपणाची म्हणून भारतात आणली. आज देशातल्या व्याघ्रक्षेत्राच्या सुमारे ४० टक्के भागात ती पसरली आहे, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. तिच्या दाट पट्ट्याखाली इतर रोपं उगवत नाहीत, तिचा पाला गुरांना विषारी आहे, यकृत बिघडतं आणि जनावर उन्हाने भाजून निघतं. ती उन्हाळ्यात वाळते आणि वणव्याला सुकं सरपण पुरवते. पक्षी तिची फळं खातात ही तिची चांगली बाजू नव्हे. ती पसरली ती त्यामुळेच. करवंदी शेकडो-हजारो वर्षं या डोंगरांत आहे आणि तिने कुठलंही रान गिळलेलं नाही. तिच्या पोटातून झाड वर आलं की तिच्यावर सावली पडते, ती विरळ होते, कडेला सरकते. जमीन झाकणाऱ्या वनस्पतीकडून मला हेच हवं आहे: वेळ आली की तिने जागा द्यावी.

हाच निकष वेडेलियाला लावा. नर्सरीवाले ती आवर्जून देतात, कारण काही महिन्यांत पिवळ्या फुलांचा गालिचा तयार होतो आणि बिल चुकतं होतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जीवांची जी यादी आययूसीएन या संस्थेच्या तज्ज्ञगटाने केली आहे, तीत घाणेरी आहे आणि ही वेडेलियाही आहे. पेरापेराला मुळं फुटतात, तुकडा ओढ्यात पडला तरी वाहत जाऊन पुढे रुजतो. सोसायटीच्या उताराखालून ओढा जातो. पुढचं सांगायला नको.

देशी-विदेशीचा हा आग्रह संकुचित आहे, बटाटा-मिरचीही परदेशीच, असं म्हणून काही जण वाद संपवू बघतात. बटाटा शेतात आहे, तो डोंगर चढत नाही. मला एखाद्या वनस्पतीच्या पासपोर्टशी देणंघेणं नाही. मला विचारायचं आहे की इथल्या कुठल्या पक्ष्याचं, किड्याचं, प्राण्याचं आणि माणसाचं तिच्याशी काय नातं आहे. करवंदीचं नातं सांगता येतं, दाखवता येतं, मे महिन्यात जिभेवर ठेवता येतं.

माणसाचंही, हे मुद्दाम सांगते. कर्जत, कसारा, माळशेजच्या पट्ट्यातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया पहाटे डोंगरात जाऊन करवंदं तोडतात आणि पानांच्या द्रोणात घालून घाटातल्या वळणावर, स्टेशनच्या पुलावर विकतात. उन्हाळ्यात, शेतीचं काम नसताना, हातात रोख पैसा येतो तो यातून. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. पण जाळीच उरली नाही तर हक्क कशावर बजावायचा? आणि या फळाला बाजार नाही असं कुणी म्हणू नये. कच्च्या करवंदांचं लोणचं घराघरांत होतं. पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली उत्तम धरते. बेकरीच्या केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा साखरेत मुरवलेलं, रंगवलेलं करवंदच असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा वाण दिला, उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठाने त्यांच्या करोंद्याचे वाण काढले. ज्याला आपण रान म्हणून उपटतो त्यावर कृषी विद्यापीठं काम करतात.

राहिला वेळेचा मुद्दा. करवंदी पहिली दोन वर्षं सावकाश वाढते, हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. त्या काळात ती खाली मूळ घालत असते. सगळा उतार एकदम झाकायचा हट्ट धरू नये. आहे ते गवत राहू द्यावं, त्यात तीन-तीन फुटांवर रोपं लावावीत, मध्ये इथलीच दुसरी झुडपं येऊ द्यावीत, घाणेरी आणि तिच्यासारखीच आगंतुक रानमारी तेवढी हाताने उपटत राहावं. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यानंतर जाळ्या एकमेकींना भिडायला लागतात. आणि अनेक दशकं टिकायच्या इमारतीला चार वर्षं थांबणं जमत नसेल तर तो दोष झुडपाचा नाही.

लावताना एक पथ्य पाळा. नर्सरीत ‘करवंद’ मागितलंत तर अनेकदा मोठ्या, गुलाबी-पांढऱ्या फळांचा बागायती करोंदा हातात पडतो. तो लोणच्याला छान. उतारासाठी मात्र आपल्याच टेकडीवरचं बी घ्या. तिथल्या पावसाला, मातीला, वाऱ्याला ते सरावलेलं असतं. पूर्ण पिकलेल्या, काळ्या फळांतल्या चपट्या बिया धुऊन सावलीत सुकवायच्या आणि लगेच पेरायच्या. हे बी फार दिवस टिकत नाही, ठेवून दिलंत तर उगवणार नाही. फांद्या खोचून ती सहजासहजी होत नाही. पिशवीत वर्षभर वाढवलेलं रोप पुढच्या जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाला की लावायचं.

आणि जिथे लावू नये तिथे लावू नका. कासच्या, चाळकेवाडीच्या, कोकणातल्या उघड्या कातळसड्यांवर पावसाळ्यात जी फुलं येतात त्यांना मोकळं आकाशच लागतं. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेकडच्या गवताळ माळांवर चंडोल, धाविक, लांडगे राहतात. तिथे झुडपांची गर्दी करणं म्हणजे तोच जुना प्रमाद नव्या वनस्पतीने करणं. मी करवंदीची बाजू घेते ती उतारांसाठी, टेकड्यांच्या कडांसाठी, रानाच्या काठासाठी, जिथे ती पूर्वीपासून होती.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत उतार ‘साफ’ करण्याचा ठराव आला तर हात वर करून विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. ठेकेदाराकडून आराखडा मागा, त्यात प्रत्येक वनस्पतीचं नाव मागा आणि वेडेलिया असेल तर ती खोडा. घाणेरी काढायला माणसं लावा, जेसीबी नको. जेसीबीला घाणेरी आणि करवंदी यांतला फरक कळत नाही. आणि येत्या मे महिन्यात घाटात एखाद्या बाईकडून करवंदांचा द्रोण घ्याल तेव्हा बिया थुंकून टाकू नका. घरी आणा, धुवा, पेरा.